संगणक आणि टीव्ही : मधली केबल कशी निवडाल?

पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन ‘लॅपटॉप टीव्हीला जोडायची केबल द्या’ असे म्हटले, की समोरून बहुधा एकच प्रश्न येतो : किती मीटर? गिऱ्हाईक अंदाजाने दीड किंवा तीन सांगते, पिशवीत गुंडाळलेली एक काळी केबल हातात पडते आणि व्यवहार संपतो. पुष्कळदा ती केबल चालतेही. पण कधी पडदा काळाच राहतो, कधी चित्र येते आणि आवाज येत नाही, कधी अक्षरे पुसट दिसतात, तर कधी माउसचा बाण अडखळत सरकतो. मग सगळा दोष केबलच्या माथी जातो आणि दुसरी, अधिक महाग केबल घरात येते. तिनेही फरक पडत नाही, कारण चूक बहुतेक वेळा केबलमध्ये नसतेच.

चित्र कसे दिसणार हे चार गोष्टी मिळून ठरवतात : संगणकाचा पोर्ट, केबल, टीव्हीचा पोर्ट आणि टीव्हीतले सेटिंग. या चारांत जिची क्षमता सर्वांत कमी, तीच साऱ्या जोडणीची क्षमता ठरते. म्हणून केबलची निवड दुकानात सुरू करू नये. ती घरी, हातात टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे डोकावण्यापासून सुरू करावी. दोन्ही टोकांना काय आहे ते एकदा नीट कळले, की मधली केबल जवळजवळ आपोआप ठरते.

आधी पोर्ट ओळखा

जुन्या टीव्हीच्या मागे पिवळा, लाल आणि पांढरा असे तीन गोल पोर्ट दिसतात. पिवळ्यातून अख्खे चित्र एकाच सिग्नलमध्ये दाटीवाटीने जाते, लाल-पांढऱ्यातून आवाज. व्हीसीआर, डीव्हीडी प्लेअर आणि जुने सेट-टॉप बॉक्स यांच्यासाठी हा मार्ग पुरेसा होता. संगणकाची बारीक अक्षरे मात्र त्यातून वाचण्याजोगी येत नाहीत. दुसरा कुठलाही पोर्ट उपलब्ध असेल तर हा विचारात घेऊ नये.

निळ्या रंगाचा, तीन ओळींत पंधरा भोके असलेला आणि दोन्ही बाजूंना स्क्रूची सोय असलेला पोर्ट म्हणजे व्हीजीए. आयबीएमने १९८७ मध्ये आपल्या पीएस-२ संगणकांबरोबर तो आणला. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांसाठी तीन स्वतंत्र तारा, शिवाय ओळ कुठे संपते आणि पडदा कुठे संपतो हे सांगणाऱ्या दोन तारा, अशी त्याची मूळ रचना. तेव्हाचे चित्र ६४० बाय ४८० बिंदूंचे होते. पुढे याच पोर्टमधून त्याच्या कित्येक पट मोठी चित्रे जाऊ लागली. इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या संगणक-कंपन्यांनी २०१० च्या डिसेंबरमध्ये व्हीजीए २०१५ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. तरीही शाळांतले प्रोजेक्टर, कचेऱ्यांतले मॉनिटर आणि एका पिढीमागचे एलसीडी टीव्ही यांच्यावर तो आजही भेटतो. टीव्हीवर त्याच्या शेजारी ‘पीसी इन’ असे लिहिलेले असते. व्हीजीएतून आवाज जात नाही. त्यासाठी हेडफोनच्या पोर्टमधून वेगळी तार टाकावी लागते. टीव्हीला तशी सोय नसेल तर साधे स्पीकर लावावेत.

पांढरट रंगाचा, व्हीजीएपेक्षा रुंद पोर्ट म्हणजे डीव्हीआय. तो १९९९ मध्ये आला आणि मुख्यतः टेबलावरच्या संगणकांत वापरला गेला. टीव्हीवर तो क्वचितच दिसतो, पण संगणकाला डीव्हीआय असेल तर चिंता नको. त्याची डिजिटल सिग्नल पाठवण्याची पद्धत पुढे एचडीएमआयने जशीच्या तशी उचलली. त्यामुळे एका टोकाला डीव्हीआय आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी, स्वस्त केबल पुरते. आवाज मात्र इथेही वेगळा न्यावा लागेल असे धरून चालावे.

एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सोनी, तोशिबा, हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी ती मिळून घडवली. एकोणीस पिनांच्या एकाच जोडातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. आज विकत मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर हाच पोर्ट असतो, आणि म्हणून टीव्हीकडचे टोक बहुतेक वेळा एचडीएमआयच असणार. काही लहान लॅपटॉप, टॅब्लेट आणि कॅमेरे यांच्यावर याचीच मिनी आणि मायक्रो रूपे असतात. सिग्नल तोच, फक्त जोड लहान.

एचडीएमआयसारखाच दिसणारा, पण एकच कोपरा तिरपा कापलेला पोर्ट म्हणजे डिस्प्लेपोर्ट. व्हेसा या संस्थेने २००६ मध्ये तो संगणक आणि मॉनिटर यांच्यासाठी तयार केला. टीव्हीच्या कंपन्यांनी तो जवळजवळ स्वीकारलाच नाही. त्यामुळे संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट असला तर केबलच्या दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असावे लागते.

राहिला टाइप-सी. गोल कडांचा, कसाही लावला तरी बसणारा हा छोटा पोर्ट २०१४ मध्ये आला आणि आज फोनपासून लॅपटॉपपर्यंत सगळीकडे आहे. सर्वांत जास्त घोटाळा त्याच्याच बाबतीत होतो, म्हणून त्याच्याबद्दल पुढे सविस्तर.

इथेच एक खुलासा. टीव्हीवर यूएसबी पोर्टही असतात. ते पेनड्राइव्हसाठी आहेत. दोन्ही टोकांना यूएसबी असलेली तार घेऊन लॅपटॉप त्यात जोडला तर चित्र येत नाही. उलट दोन्ही बाजू आपापली ५ व्होल्टची वीज देऊ पाहतात, त्यातून पोर्ट बिघडण्याचा धोका असतो. अशी जोडणी करूच नये.

महाग केबलने चित्र सुधारते का?

हा प्रश्न सोडवायचा तर जुन्या आणि नव्या सिग्नलमधला फरक समजून घ्यायला हवा. व्हीजीएमध्ये विजेचा दाब थोडा जास्त म्हणजे रंग थोडा उजळ, असा थेट संबंध असतो. तार लांब झाली, शेजारून पंख्याची किंवा मिक्सरची वायर गेली, जोड सैल झाला, की त्या दाबात फरक पडतो आणि तो फरक जसाच्या तसा पडद्यावर उतरतो. अक्षरांना सावल्या पडतात, रंग फिके होतात. अशा वेळी जाड, चांगल्या आवरणाची केबल घेतली तर चित्र खरोखर सुधारते. महाग केबल म्हणजे चांगले चित्र हा समज त्या काळात खरा होता.

एचडीएमआय, डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट यांतून फक्त शून्य आणि एक जातात. पावसात थोडे भिजलेले पत्र डोळ्यांपुढे आणा. शाई पसरली तरी अक्षर ओळखू येत असेल, तर ते पत्र दुसऱ्या कागदावर स्वच्छ उतरवून घेता येते आणि मजकुरात काडीचा फरक पडत नाही. डिजिटल सिग्नलचे तसेच आहे. टीव्हीला शून्य आणि एक ओळखता आले, की चित्र पूर्ण येते. ते ओळखण्यापलीकडे बिघडले, की पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र मध्येच क्षणभर जाते किंवा पडदा काळा होतो. रंग जरा फिके किंवा चित्र जरा मऊ असे मधले काही या केबलमुळे होत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. तुमच्या एचडीएमआय केबलवर चित्र ठिपक्यांशिवाय आणि न तुटता येत असेल, तर तिच्या दहापट किमतीची केबल त्याच मापाचे चित्र अधिक सुंदर दाखवू शकत नाही. रंग फिके दिसत असतील तर कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधा. सोन्याचा मुलामा दिलेल्या जोडांनीही चित्र सुधारत नाही. सोने गंजत नाही एवढाच त्याचा उपयोग. रत्नागिरी, मालवण किंवा पणजीच्या दमट, खाऱ्या हवेत तो उपयोग खरा आहे, आणि मध्यम किमतीच्या केबलींवरही असा मुलामा मिळतो.

१८ हा आकडा कुठून आला?

महाग केबल नको म्हणजे कोणतीही केबल चालेल असे मात्र नाही. केबलला दर सेकंदाला किती माहिती वाहून न्यायची आहे, यावर तिची पात्रता ठरते. हा हिशोब शाळेतल्या गुणाकाराचा आहे.

फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट येतात, म्हणजे ३ गिगाबिट. शिवाय चित्राच्या कडेला रिकामी जागा सोडावी लागते, आणि दर ८ बिटांमागे प्रत्यक्षात १० बिट पाठवले जातात, म्हणजे सिग्नल ओळखणे सोपे जाते. हे सगळे धरून केबलवरचा भार सुमारे ४.५ गिगाबिट होतो. एचडीएमआयच्या पहिल्या आवृत्तीची मर्यादा ४.९५ गिगाबिट होती. फुल एचडी तिच्यात नेमके बसत होते.

फोर-के चित्र ३८४० बाय २१६० बिंदूंचे. लांबी दुप्पट आणि रुंदीही दुप्पट, म्हणजे बिंदू चौपट. भारही चौपट, सुमारे १७.८ गिगाबिट. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ गिगाबिट ठेवली गेली ती यासाठीच. त्याआधीच्या, २००९ च्या १.४ आवृत्तीत मर्यादा १०.२ होती. तिच्यात फोर-के बसते, पण सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रे घेऊनच. कित्येक जुन्या लॅपटॉपचे एचडीएमआय पोर्ट याच आवृत्तीचे आहेत. असा लॅपटॉप नव्या फोर-के टीव्हीला जोडला की चित्र स्वच्छ येते, पण माउसचा बाण अडखळतो आणि पान वर सरकवताना धक्के जाणवतात. केबल बदलून इथे काहीही होणार नाही. लॅपटॉपला फुल एचडीवर, सेकंदाला ६० चित्रांवर ठेवले तर काम जास्त सुखाचे होते. सिनेमे पाहायला मात्र ३० पुरतात, कारण चित्रपट मुळातच सेकंदाला २४ चित्रांचे असतात.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या २.१ आवृत्तीने ही मर्यादा ४८ गिगाबिटवर नेली. सेकंदाला १२० चित्रांचे फोर-के गेम किंवा एट-के यांच्यासाठी तिची गरज लागते. घरातला संगणक अभ्यास, सिनेमा, व्हिडिओ कॉल आणि कार्यालयीन काम यांसाठी असेल तर तिच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

पाकिटावर काय वाचावे?

दुकानात केबलच्या पाकिटांवर १.४, २.०, २.१ असे आकडे ठळक छापलेले दिसतात. खरे तर एचडीएमआयच्या परवाना देणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार केबलवर आवृत्तीचा आकडा छापायचा नसतो. आवृत्ती ही दोन्ही टोकांच्या यंत्रांची असते. केबलला दर्जा असतो, आणि तो नावाने ओळखायचा असतो.

सर्वांत खालचा दर्जा ‘स्टँडर्ड’. त्याच्या वरचा ‘हाय स्पीड’ : १०.२ गिगाबिट, म्हणजे फुल एचडी निश्चिंतपणे आणि फोर-के ३० चित्रांवर. तिसरा ‘प्रीमियम हाय स्पीड’ : १८ गिगाबिट, म्हणजे फोर-के ६० चित्रांवर. चौथा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ : ४८ गिगाबिट. शेवटच्या दोन दर्जांची केबल चाचणीतून जाते आणि तिच्या पाकिटावर पडताळणीचे लेबल असते. अल्ट्रा हाय स्पीडच्या लेबलवर क्यूआर कोड असतो, तो अधिकृत ॲपने तपासता येतो. लेबल नसलेली केबल वाईटच असते असे नाही, पण फोर-के टीव्हीसाठी खरेदी करताना लेबल पाहून घेतलेले बरे. नव्या दर्जाची केबल जुन्या टीव्हीलाही चालते, त्यामुळे वरचा दर्जा घेऊन कुठे अडत नाही.

आपल्याकडे ३२ इंचांचे अनेक टीव्ही ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे पडद्यावर १३६६ बाय ७६८ बिंदू. त्यांना ‘हाय स्पीड’ केबल पुरेपूर झाली. तिथे अल्ट्रावर खर्च केलेला पैसा पडद्यावर कुठेही दिसणार नाही.

लांबीचा विचारही इथेच करायला हवा. तांब्याच्या तारेत लांबीबरोबर सिग्नल क्षीण होत जातो, आणि भार जितका जास्त तितका तो लवकर क्षीण होतो. फुल एचडीसाठी दहा मीटरची चांगली केबल चालून जाते. १८ गिगाबिटला पाच मीटरपुढे भरवसा कमी होतो, आणि ४८ ला तर तीन मीटरच्या आसपास. त्याहून लांब जायचे असेल तर आत काचेचे धागे असलेली ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. तिला दिशा असते : एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेले असते, ते संगणकाकडे, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’, ते टीव्हीकडे. उलटी लावली तर पडदा काळा राहतो आणि केबल खराब आहे असा गैरसमज होतो.

घरात फर्निचरचे काम निघाले की टीव्हीच्या तारा भिंतीत लपवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कारागिराला आवर्जून सांगा, केबल सिमेंटमध्ये गाडू नका. रुंद पाइप टाका, त्याचे वळण गोलाईने घ्या आणि आत ओढायची एक दोरी ठेवा. एचडीएमआयचे टोक बऱ्यापैकी रुंद असते, ते पाइपातून सहज सरकले पाहिजे. दहा वर्षांनी केबल बदलायची वेळ येईल तेव्हा भिंत फोडावी लागणार नाही.

टाइप-सीचा घोटाळा

टाइप-सी हे पोर्टच्या आकाराचे नाव आहे. आतून काय जाते ते त्या नावावरून कळत नाही. एका लॅपटॉपच्या टाइप-सीमधून चार्जिंग, फाइली आणि चित्र असे सगळे जाते. तसाच दिसणारा दुसऱ्या लॅपटॉपचा पोर्ट फक्त पेनड्राइव्हपुरता असतो. चित्र जाण्यासाठी त्या पोर्टमागे ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ नावाची सोय असावी लागते. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचे चिन्ह किंवा विजेच्या बाणाचे थंडरबोल्टचे चिन्ह असेल तर ती सोय आहे असे समजावे. नुसते यूएसबीचे चिन्ह असेल किंवा काहीच नसेल, तर लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या माहितीपत्रकात खात्री करावी. फोनच्या बाबतीतही हेच : महागड्या फोनमध्ये ही सोय पुष्कळदा असते, स्वस्त फोनमध्ये बहुधा नसते.

सोय असेल तर एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी अखंड केबल सर्वांत सोयीची. तिच्या पाकिटावर ‘फोर-के ६० हर्ट्झ’ असे स्पष्ट लिहिलेले पाहावे, कारण स्वस्तातल्या पुष्कळशा ३० वरच थांबतात. फोनबरोबर आलेल्या चार्जिंगच्या टाइप-सी केबलकडून चित्राची अपेक्षा ठेवू नये. तिच्यात बहुधा चित्राच्या तारा नसतातच.

कन्व्हर्टरला दिशा असते

दोन्ही टोकांचे पोर्ट वेगळे असले की मध्ये कन्व्हर्टर येतो. तो घेताना सिग्नल कुठून कुठे जाणार आहे हे दुकानदाराला सांगायलाच हवे. जुन्या लॅपटॉपचे व्हीजीए नव्या टीव्हीच्या एचडीएमआयला जोडायचे असेल तर ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ लागतो. नव्या लॅपटॉपचे एचडीएमआय शाळेच्या जुन्या प्रोजेक्टरला जोडायचे असेल तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’. दोन्ही डब्या दिसायला सारख्या, पण एकीचे काम दुसरी करत नाही. डिजिटलचे ॲनालॉग किंवा उलट करायला आत चिप लागते आणि तिला वीज लागते. म्हणून ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ डबीला सहसा विजेसाठी यूएसबीची आणि आवाजासाठी हेडफोनची अशी दोन शेपटे असतात. ती दोन्ही लावली नाहीत तर चित्र किंवा आवाज येणार नाही. एका बाजूला व्हीजीए आणि दुसऱ्या बाजूला एचडीएमआय अशी नुसती तार, जिच्यात चिप नाही, ती सर्वसाधारण संगणकाला उपयोगाची नाही. स्वस्त दिसली तरी घेऊ नये.

डिस्प्लेपोर्टचेही तसेच. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून टीव्हीच्या एचडीएमआयकडे जाणे सोपे आहे; बहुतेक संगणकांचे डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयचा सिग्नलही देऊ शकतात, त्यामुळे साधी केबल पुरते. उलट दिशेला तीच केबल चालत नाही.

केबल बरोबर, तरी चित्र बरोबर नाही?

केबल लावली की संगणक आधी टीव्हीची चौकशी करतो. टीव्हीतल्या एका छोट्या चिपमध्ये त्याच्या पडद्याचे माप आणि त्याला चालणारे वेग नोंदलेले असतात, ते वाचून संगणक चित्र पाठवतो. ही माहिती नेणाऱ्या बारीक तारांपैकी एखादी तुटली किंवा स्वस्त कन्व्हर्टरने ती माहिती अडवली, तर संगणकाला पडद्याचे माप कळत नाही आणि तो १०२४ बाय ७६८ सारखे जुने, लहान चित्र पाठवतो. मोठ्या टीव्हीवर सगळे ताणलेले आणि धूसर दिसू लागले, तर सर्वांत आधी हे तपासावे.

विंडोज संगणकावर विंडोजची कळ आणि पी ही कळ एकत्र दाबली, की दोन्ही पडद्यांवर तेच चित्र, दोन पडद्यांचा मिळून एक, किंवा फक्त टीव्ही असे पर्याय येतात. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचे नाव निवडावे. बहुतेक वेळा ‘आवाज येत नाही’ ही तक्रार इथेच मिटते.

चित्राच्या चारही कडा कापलेल्या दिसतात, विंडोजची खालची पट्टी अर्धी बाहेर जाते, ही तक्रारही नेहमीची. तिचे मूळ जुने आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हाचे टीव्ही काचेच्या नळीचे होते. त्या नळीत चित्राच्या कडा स्थिर राहत नसत, म्हणून टीव्ही चित्र पडद्याहून किंचित मोठे काढून कडा लपवत असे. नळी गेली, पण ही सवय अनेक सपाट टीव्हींमध्येही राहिली. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडला की चित्र बिंदूला बिंदू जुळून बसते. अक्षरेही लगेच टोकदार होतात.

अक्षरांचा प्रश्न देवनागरीत जास्त जाणवतो. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, जोडाक्षरांतले पायमोडके आकार हे सगळे मोजक्या बिंदूंत मावायचे असते. टीव्ही मुळात सिनेमासाठी घडवलेला. पुष्कळ टीव्ही चित्राला कृत्रिम धार देतात, आणि काही जोडण्यांत रंगाची माहिती शेजारच्या बिंदूंमध्ये वाटून भार कमी केला जातो. सिनेमात ते कळत नाही. रंगीत पार्श्वभूमीवरच्या अक्षरांत मात्र लगेच कळते : अनुस्वार विरघळतो, ‘पंत’चा ‘पत’ वाचला जातो. यावर उपाय टीव्हीतच आहे. ज्या एचडीएमआय पोर्टला संगणक लावला आहे त्याचे नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करावे. बऱ्याच टीव्हींमध्ये एवढ्यानेच हे संस्कार बंद होतात. शार्पनेस कमी करावा आणि लॅपटॉप फोर-के टीव्हीला जोडला असेल तर अक्षरांचे प्रमाण दीडशे-दोनशे टक्क्यांवर न्यावे.

फोर-के टीव्हीत आणखी एक गोष्ट पाहायची. प्रत्येक एचडीएमआय पोर्टचा पूर्ण वेग सुरुवातीला चालू असतोच असे नाही. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ अशा नावांनी तो चालू करावा लागतो. शिवाय एकाच टीव्हीचे सगळे पोर्ट सारखे नसतात. कोणता पोर्ट फोर-केला ६० चित्रे घेतो, हे पोर्टशेजारी किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते.

बाकी सगळे ठीक चालते, पण ओटीटीवरचा चित्रपट लावला की पडदा काळा होतो, असे झाले तर कारण चोरी रोखणाऱ्या एचडीसीपी या व्यवस्थेत शोधावे. इंटेलने विकसित केलेल्या या व्यवस्थेत वाटेतले प्रत्येक यंत्र अधिकृत असल्याची खात्री करून घेतली जाते. फोर-के चित्रपटांना सहसा तिची २.२ ही आवृत्ती लागते. मध्ये जुना कन्व्हर्टर असेल किंवा वाट व्हीजीएतून जात असेल, तर ही खात्री पटत नाही आणि चित्र अडवले जाते.

खरेदीला निघण्याआधी

एका चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहा : संगणकाचा पोर्ट कोणता, टीव्हीचा पोर्ट कोणता, टीव्ही एचडी रेडी, फुल एचडी की फोर-के, सिग्नलची दिशा कोणती, आणि तार वळणांसकट मोजून किती मीटर. टीव्ही भिंतीला चिकटवून लावलेला असेल तर मागे केबलच्या टोकाला जागा किती आहे तेही पाहा. जागा कमी असेल तर काटकोनात वळलेले टोक मागा. अंदाजाने जास्त लांब केबल घेऊन तिची वेटोळी टीव्हीमागे कोंबण्यापेक्षा मोजून घेतलेली आखूड केबल केव्हाही जास्त भरवशाची.

आणि जोडताना एक पथ्य पाळा. विजा कडाडत असताना केबल लावू-काढू नका. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि लॅपटॉपचा चार्जर यांचे प्लग भिंतीतून काढून ठेवा. बाहेरून येणाऱ्या केबलच्या तारेतून किंवा डिशच्या वायरमधून शिरलेला विजेचा लोट एचडीएमआयच्या वाटेने संगणकापर्यंत पोहोचू शकतो. घराचे अर्थिंग नीट आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घेणे या सगळ्यात सर्वांत किफायतशीर ठरते.

२०२५ मध्ये एचडीएमआयची २.२ ही आवृत्ती जाहीर झाली. तिची मर्यादा ९६ गिगाबिट आहे आणि तिच्यासाठी वेगळ्या दर्जाची केबलही आली आहे. यापुढेही नवे आकडे येत राहतील आणि ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून ते आपल्याला विकले जातील. केबल ही दर दोन-चार वर्षांनी सहज बदलता येणारी, काहीशे रुपयांची वस्तू आहे. पुढच्या टीव्हीसाठी तिच्यात आज पैसा गुंतवण्याची गरज नाही. घरातला टीव्ही आणि घरातला संगणक यांना आज जेवढे लागते तेवढे नीट पोहोचवणारी, चाचणीचे लेबल असलेली, मापाची केबल घ्यावी. आणि अर्धा तास टीव्हीचे सेटिंग नीट लावण्यात घालवावा. मुलांना परीक्षेची तयारी मोठ्या पडद्यावर करता येते, परदेशातल्या नातवंडांशी आजी-आजोबांना बैठकीत बसून बोलता येते, खेड्यातल्या शाळेला नवा प्रोजेक्टर न घेता जुन्या टीव्हीवर धडा दाखवता येतो. त्यासाठी लागणारी दोन्ही यंत्रे पुष्कळ ठिकाणी आधीच आहेत. त्यांच्यामधली योग्य केबल ओळखण्याचे ज्ञान एकदा मिळवले, की ते कुठल्याही दुकानात आणि कुठल्याही आवृत्तीत उपयोगी पडते.